चाळीस मीटरवरचं वर्ष

सातारा, २६ डिसेंबर २०२४

माझ्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, लॉगबुकात आज २१४ वी नोंद झाली; एक नोंद म्हणजे एक संपर्क. व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे माझी रेडिओवरची ओळख, मिळून वर्ष झालं, म्हणून रात्री वही पहिल्या पानापासून चाळली. पहिल्या दोन महिन्यांत एकही नोंद नाही. गच्चीवर बांबू उभा केला होता, अँटेना म्हणून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तांब्याची तार उतरवली होती, रिग, म्हणजे रेडिओ संच, जोडला होता आणि मी नुसती ऐकत बसायचे. वर्गात मुलांपुढे दिवसभर बोलते, पण माइकचं बटण दाबायचं म्हटलं की घसा कोरडा पडायचा. शेवटी एका रविवारी सोलापूरच्या एका काकांनी तीनदा सीक्यू, म्हणजे ऐकणाऱ्या कुणालाही हाक, दिला, कोणी उत्तर देईना, आणि मला राहवलं नाही.

"ताई, आवाज अगदी स्वच्छ येतोय, फाइव्ह-नाइन. सावकाश बोला, घाई नाही."

हे वाक्य मी नोंदीशेजारी लिहून ठेवलंय.

उन्हाळ्याआधी एक घरघर मागे लागली. संध्याकाळ झाली की क्षीण स्टेशनं तिच्याखाली बुडून जायची. मग रिग बॅटरीवर घेतला आणि घरातले एमसीबी एकेक करून पाडले. चौथा पाडला आणि एकदम शांत. दोषी निघाला सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर! सासूबाईंची मालिका साडेआठला लागते, तोवर तो प्लगमधून काढलेला असतो. हा सात ते साडेआठचा वेळ मला फार प्रिय आहे. सूर्य मावळला की आयनांबरातला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागातला, खालचा डी थर विरतो. दिवसभर तोच चाळीस मीटर लांबीच्या, म्हणजे मी वापरते त्या, रेडिओ लहरी शोषत असतो. तो गेला की लहरी वरच्या एफ थरापर्यंत पोचतात आणि लांब जाऊन उतरतात. दुपारी ज्या तारेवर हैदराबाद आणि गोवा, त्याच तारेवर रात्री इंडोनेशिया.

वर्षातला सगळ्यात विलक्षण दिवस १० मे. अक्षय्य तृतीया, शाळेला सुट्टी, आमरसाची तयारी चाललेली. साडेबाराच्या सुमारास बँड एकाएकी मेला. आवाज गेले ते गेलेच, पार्श्वभूमीची खरखरही गेली. मी कोॲक्स, म्हणजे रिगपासून तारेपर्यंतची केबल, तपासली, गच्चीवर जाऊन तार पाहिली, सगळं जागच्या जागी. नंतर कळलं की १२ वाजून २४ मिनिटांनी सूर्यावर एक्स वर्गाची मोठी ज्वाळा उसळली होती आणि तेव्हा सूर्य आपल्याच डोक्यावर होता. तिच्या क्ष-किरणांनी डी थर इतका दाट केला की लहरी त्यातच जिरल्या. त्याच रात्री लडाखमध्ये हानलेच्या आकाशात तांबडा ध्रुवीय प्रकाश दिसला. सौरचक्राची आकृती मी मुलांना वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवते. त्या दुपारी मात्र सूर्याने माझ्या गच्चीवरची तार गप्प केली होती, आणि हे कुणाला सांगू असं झालं मला.

जनरल ग्रेड या वरच्या परवान्यासाठी मोर्स, म्हणजे टिंबं-रेघांची लिपी, शिकतेय. मिनिटाला आठ शब्द लागतात. टिंबं-रेघा मोजत बसले की अडते. लहानपणी तबल्याच्या क्लासात बोल आधी तोंडात बसवायचे, मग हातात. तसंच करते. डा-डी-डा-डी, डा-डा-डी-डा: सीक्यू. पोळ्या लाटताना म्हणते.

आज त्सुनामीला वीस वर्षं झाली. २००४च्या डिसेंबरात भारती प्रसाद, कॉलसाइन व्हीयू२आरबीआय, अंदमानात हॅमचं पथक घेऊन गेल्या होत्या. तिथून कित्येक वर्षांत कोणी ऑन एअर आलं नव्हतं, म्हणून जगभरचे हॅम त्यांना गाठायला धडपडत होते. २६ तारखेच्या सकाळी लाट आली, फोन बंद पडले, आणि हौसेसाठी उभारलेलं तेच पोर्ट ब्लेअरचं स्टेशन माणसांचे निरोप पोचवू लागलं. पुढे त्यांच्यातले काही जण कार निकोबारलाही गेले.

सकाळी मी काकांना त्या दिवसाबद्दल विचारलं. ते तेव्हा सोलापुरातच होते, वीस मीटरवर पोर्ट ब्लेअर ऐकत होते.

"तुम्ही बोललात त्यांच्याशी?"

"नाही हो ताई. वाट मोकळी ठेवायची होती. दिवसभर नुसता ऐकत बसलो, कुणाचा निरोप अर्धवट राहिला तर पुढे द्यायला म्हणून कागद-पेन्सिल घेऊन."

त्यांच्या लॉगबुकात त्या तारखेला एकही नोंद नाही.