बाईंचं टिंब

"ताई, 'जा' आलंय."

भावाचा फोन. मी पुण्यात, ऑफिसातून निघायच्या गडबडीत. म्हटलं, "कुठं जाऊ?"

"अगं, अक्षर आलंय. गुरुजींनी पत्रिका बघितली. मकर रास, उत्तराषाढा, तिसरा चरण. भे, भो, जा, जी. त्यातला जा."

आत्या मी. नाव ठेवायचा मान माझा, म्हणजे भांडणही माझ्याच पदरात. शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप त्याच आठवड्यात आला. मैदान, स्नेहसंमेलन, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतले फुगे यांवर बाकीचे लिहितीलच. माझ्या डोक्यात मात्र त्या दिवसांत एकच अक्षर होतं, आणि त्या अक्षराशी माझी नीट ओळख आपल्याच शाळेत झाली होती. पाचवीत, जून १९९४ मध्ये.

माझं नाव प्रज्ञा. लिहायला एक, म्हणायला पाच. घरी आम्ही 'प्रद्न्या' म्हणतो. वाड्यातल्या तेलुगू मावशी 'प्रग्न्या' म्हणायच्या, समोरच्या कन्नड आजी 'प्रग्ने', कापडदुकानातले गुजराती काका 'प्रग्ना'. टीव्हीवरच्या बातम्यांत कुणी माझ्या नावाची बाई आली की ती 'प्रग्या' असायची. चौथीपर्यंत मला वाटायचं, या सगळ्या वेगळ्या मुली आहेत आणि मी त्यांच्या जागी चुकून 'हजर' म्हणते.

पाचवीला मराठीच्या बाई वर्गशिक्षिका होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी हजेरीपत्रक उघडलं, पण नावं वाचली नाहीत. एकेकाला उभं केलं. "तुझ्या घरी तुला कसं हाक मारतात ते सांग. दाखल्यावरचं नको." आमचा वर्ग म्हणजे अख्खं सोलापूर. निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू, पाच-दहांच्या घरी कन्नड, मागच्या दोन बाकांवर उर्दू, उरलेले आम्ही. खिडकीतून यंत्रमागांचा खडखडाट यायचा, त्यामुळे नाव ओरडूनच सांगावं लागे. बाई ते स्वतः म्हणून बघायच्या, पोरगं मान हलवेपर्यंत. मग लाल पेन्सिलीनं नावावर खूण करायच्या. माझ्या ज्ञवर त्यांनी बारीकसा 'द्' लिहिला. जरीना, फिरोज, अजीज अशा नावांतल्या ज खाली टिंब आलं. जहाजातला ज असेल तिथंही टिंबच. "उर्दूतला झेडसारखा ज आणि आपला जहाजातला ज वेगळे आहेत," त्या म्हणाल्या, "पण माझ्याकडं खूण एकच आहे. भागवून घ्या."

जहाजातला ज आणि जीवनातला ज हा फरक त्यांनी आम्हाला व्याकरणाच्या पुस्तकातून शिकवला नाही. "माझा म्हणा." सगळे म्हणाले. "आता माझी म्हणा. जीभ कुठं गेली?" पासष्ट पोरं तोंडात बोट घालून बसली. माझा म्हणताना जीभ दातांच्या मागे टेकते, माझी म्हणताना वर टाळूकडे सरकते. मग 'चिंच'. एकाच शब्दात दोन च, पहिला टाळूचा, दुसरा दातांचा. पुढं इ, ए किंवा य आला की जीभ टाळूलाच जाणार. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असेल तर तिथं कायम टाळू: चंद्र, जल, राजा. आपल्या घरगुती शब्दांत बहुतेक दात: चूल, चाक, जवळ, शेंगाचटणीतली चटणी. 'जग' हा शब्द फळ्यावर दोनदा लिहून त्यांनी विचारलं, "यात जग कुठलं आणि जगणं कुठलं?" दोन्हीकडं अक्षरं तीच. माझ्या शेजारी बसणाऱ्या कन्नड मैत्रिणीला काही केल्या दोन्ही एकच ऐकू यायचं. तिच्या भाषेत दातांचा च-ज नाहीच. तेलुगू पोरांना मात्र आमच्यापेक्षा लवकर जमलं, त्यांच्याकडं तो आहे.

बाईंनी त्याच वर्षी डॉ. कोटणिसांची गोष्ट सांगितली. १९१० साली सोलापुरात जन्मलेले, १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले, १९४२ च्या डिसेंबरात तिथंच वारलेले. ते सगळं आम्हाला पाठ होतं. नवीन काय, तर चिनी लोकांनी द्वारकानाथ कोटणीस या नावाचं त्यांच्या जिभेला झेपेल असं 'ख तिह्वा' केलं होतं. आणि त्यांच्या मुलाचं नाव यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. वर्गभर 'ह्वा, ह्वा' सुरू झालं, ते थांबवायला शेजारच्या वर्गातून सर आले.

तर अक्षर आलं जा. भावाची यादी होती जान्हवी, जानकी, जाई. भावजय सोलापूरच्याच पूर्व भागातली, तेलुगू. लग्न होऊन पाच वर्षं झाली, आता आमच्या घरात दोन्ही भाषा पंगतीला असतात.

जान्हवी पहिल्याच दिवशी गळालं, आणि त्याला कारण मीच. मूळ शब्द जाह्नवी, जह्नू ऋषींची मुलगी म्हणजे गंगा. ह आधी, न नंतर. आपण सगळे उलटं म्हणतो आणि उलटंच लिहितो. पोरीला जन्मभर शुद्धलेखनाचा पेपर कशाला, असं मी म्हटलं. आई म्हणाली, "तू बाईंच्या वर्गातून कधी बाहेर येणार?"

जानकीवर सगळ्यांचं एकमत होतं. मराठी, तेलुगू, कन्नड, सगळीकडं तोच टाळूचा ज, इंग्रजीतही घोळ नाही. सगळ्यांना चालणारं नाव होतं ते. कुणाच्या डोळ्यांत चमक मात्र आली नाही.

जाई म्हटल्यावर भावजय पहिल्यांदा हसली. तिच्या माहेरी हौदाजवळ जाईचा वेल आहे. मे महिन्यात पत्रा तापून घरात थांबवत नाही तेव्हा सगळी बायामाणसं विड्या वळायची सुपं घेऊन त्याच्याच सावलीला बसतात. पानांचा आणि तंबाखूचा वास, त्यात संध्याकाळी कळ्या उमलल्या की तो वास. तिनं एवढं सांगितलं आणि माझ्यापुरतं नाव ठरलं.

मग आक्षेप सुरू झाले. आईचं म्हणणं, लेकराला उठता-बसता 'जा' कसं म्हणायचं? भावाची काळजी वेगळी: इंग्रजीत जे, ए, आय लिहिलं की बाहेरचा माणूस 'जय' वाचणार आणि पोरीला मुलगा समजणार. मग झेड लावू, असं तो म्हणाला. मी म्हटलं, झेड लावलंस की आपलेच लोक 'झाई' वाचतील. या बाबतीत मी फार सोसलंय. माझं स्पेलिंग बघून दिल्लीचे सहकारी मला 'प्रॅड-निया' म्हणतात. एका ठिकाणी तर माझ्या नावात एक 'ए' जास्तीचा पडला आणि ती दोन कागदांवरची दोन माणसं एकच आहेत हे पटवण्यात माझे दोन महिने गेले.

तरी नाव बदलावंसं मला कधी वाटलं नाही. कुणीच चुकणार नाही असं नाव सोलापुरात शोधायचं म्हणजे गावापासून सुरुवात करावी लागेल. शिलालेखांत सोन्नलगी, सोळा गावं म्हणून सोळापूर असं सांगणारे घरोघरी, आणि इंग्रजांनी केलेलं शोलापूर जुन्या मिलच्या नावात होतंच. कुठल्या चुका ऐकून घ्यायला आपल्याला जड जाणार नाही, एवढंच मी बघते. 'जय' ऐकायला काही वाईट नाही.

भावजयीचे ताता, म्हणजे आजोबा, तेलुगू शाळेत शिक्षक होते. त्यांनी कपाटातून एक जुना कोश काढला. त्यात दातांच्या च-जला डोक्यावर खूण करून वेगळं छापलंय. "आमच्याकडं होती खूण. पुढं कुणी वापरली नाही," ते म्हणाले. जाईला तेलुगूत काय म्हणतात, विचारलं. जाजी. कन्नडमध्येही जाजी. मूळ सगळ्यांचं एकच, संस्कृतातली जाती. आपल्याकडं ती घरगुती होऊन जाई झाली आणि तिचा ज दातांवर आला.

आता शेवटचा शब्द कुणाचा घ्यायचा म्हणून मी बाईंना फोन लावला. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी आवाज ओळखला आणि 'प्रद्न्या' म्हणाल्या. सगळी हकीकत ऐकून घेतली. "मला काय विचारतेस? उन्हातून आत ये म्हणून हाक कोण मारणार आहे तिला?"

"तिची अम्मम्मा."

"मग तिला म्हणायला लाव. फोन धर जवळ."

अम्मम्मा, म्हणजे भावजयीची आई, लाजली. पदर तोंडाला लावला आणि मग एकदम गल्लीतल्या पोरांना मारतात तशी खणखणीत हाक मारली. जहाजातला ज, स्वच्छ. पलीकडून बाई म्हणाल्या, "झालं की."

महापालिकेत जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते, ती केली होती. नाव वर्षभरात फी न भरता घालता येतं, म्हणून ती जागा रिकामी होती. दाखल्यावर मराठीत जाई. इंग्रजीत जे, दोन ए, आय. दोन ए वर भाऊ अजून कुरकुरतो.

बारसं तेलुगू-मराठी असं झालं. पाळण्याखालून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं, माझ्या पाठीत धपाधप बुक्क्या बसल्या, मी पोरीच्या कानात तीनदा नाव सांगितलं. शेजारच्या कन्नड वहिनी टाळूच्या ज नं जाई म्हणाल्या, ताता जाजी म्हणाले, भावाच्या ऑफिसातल्या एकानं 'जय' लिहून शुभेच्छा पाठवल्या. पोरगी झोपून होती.

पेढ्यांच्या डब्यांवर नावाच्या पट्ट्या चिकटवायचं काम माझ्याकडं होतं. एक डबा बाईंसाठी बाजूला काढला आणि त्यावरच्या ज खाली लाल पेननं टिंब दिलं. भाचा शेजारी बसून बघत होता.

"मावशी, शाई सांडली," म्हणाला, आणि बोट थुंकीनं ओलं करून त्यानं ते पुसायला घेतलं.

— एक माजी विद्यार्थिनी, दहावी, मार्च २०००