काळ्या मातीखालचा काळा दगड

आमच्या वाशीम जिल्ह्याच्या पठारावर विहीर खोदली, की आधी काळी माती, मग मुरूम आणि शेवटी सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील लाव्हा लांबच लांब भेगांमधून वर येऊन थरांवर थर पसरत गेला, आणि त्या अंतर्गत शक्तीनेच दख्खनचे हे पठार उभे केले. पुढचे काम ऊन, पाऊस आणि झाडांच्या मुळांचे आहे. विहिरीच्या कडेचा दगड जवळून पाहावा: भेगांत मुरलेले पाणी त्याचे कोपरे आधी कुजवते, त्यामुळे गोल गोट्याभोवती कांद्यासारखे तपकिरी पापुद्रे सुटतात आणि हातानेही चुरतात. हाच चुरा रासायनिक बदल होत होत कपाशीची काळी माती बनतो. मला हे विदारण, म्हणजे दगडाचे असे जागच्या जागी कुजणे-फुटणे, ज्वालामुखीइतकेच थोर वाटते, कारण आपली शेती त्यावरच उभी आहे.

उत्तरेकडे जमिनीच्या आतली आणि बाहेरची, अशा दोन्ही शक्ती एकाच वेळी दिसतात. गाविलगडच्या डोंगराच्या पायथ्याशी भूकवचात मोठा प्रस्तरभंग आहे, म्हणजे खडक तुटून त्याची एक बाजू खाली सरकली आहे. त्याच्या दक्षिणेच्या खोलगट भागात नद्यांनी गाळ भरत नेला आणि पूर्णेचे सपाट खोरे तयार झाले, जिथला खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा पट्टा, अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना चांगलाच ठाऊक आहे. लोणारचे विवर मात्र या दोन्हींत बसत नाही. ते अशनीच्या आघाताने याच पाषाणात पडले आहे.

नदीचे झिजवणे थांबलेले नाही. उताराच्या दिशेने पेरलेल्या शेतातून एका जोरदार पावसात गढूळ होऊन वाहणारे पाणी हीच माती पैनगंगेकडे नेते, म्हणून उताराला आडवी पेरणी करण्याचा आग्रह मी धरतो.