रिकाम्या बाटल्यांचा नाद

कोकणातल्या जुन्या घरात सहसा काही टाकून देत नाहीत. त्यामुळे बाटल्या जमवणाऱ्याला पोटमाळ्यावर चढू दिलं की त्याची दिवाळीच. अडचण एकच, बाटली रिकामी मिळत नाही. एकीत कोकमाचं आगळ, दुसरीत खोबरेल, तिसरीत रॉकेल. माणसं पाहतात आत काय आहे ते, आणि आम्ही बघतो बूड.

बूडच बघायचं असतं. फुंकनळीवरची बाटली सोडवून तिचं तोंड घडवायचं, तर तोवर ती धरायला बुडाला लोखंडी सळई चिकटवत. सळई तोडली की तिथे खरखरीत वण राहायचा. बोट फिरवलं की लागतो. पुढे साचे आले, मग शिवण, म्हणजे साच्याच्या जोडाची काचेवर उमटलेली रेघ, पाहायची. ती मानेवरच विरली तर तोंड बहुधा हाताने केलेलं. थेट ओठावर चढली तर यंत्राचा माल. अमेरिकेत मायकेल ओवेन्सचं बाटल्यांचं यंत्र १९०३ च्या सुमारास आलं आणि फुंकणाऱ्यांचे दिवस फिरले. काचेत बुडबुडे दिसले की जुनी, हे मात्र विकणाऱ्यांचं शास्त्र. बुडबुडे आजही मुद्दाम घालता येतात.

तसंच 'डच' प्रकरण. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांची वखार होती, तिचे अवशेष आजही आहेत. पण म्हणून खांद्याला रुंद, बुडाला निमुळती अशी प्रत्येक चौकोनी हिरवी बाटली काही त्यांच्या गलबतातून उतरली नाही.

माझा जीव गोटीसोड्याच्या बाटलीवर. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. सोड्यातला वायूच गोटी वर रेटून गळ्यातल्या रबरी कड्यावर दाबून धरतो, बूच लागतच नाही. ओतताना गोटी अडावी म्हणून मानेला दोन खाचा. अख्खी बाटली मिळणं कठीण, कारण गोटीसाठी पोरं ती फोडायची. मिळालीच तर तांदळाच्या कण्या नि पाणी घालून खळखळवायची. आतला राप सुटतो.

मालवणजवळच्या एका मामीकडे वण असलेली हिरवी बाटली दिसली. मागितली. "व्हयी तर ने," ती म्हणाली, "पण बदल्यात दुसरी आण. आगळ काय तुझ्या हातार ओतू, मेल्या?"

सरबताची प्लॅस्टिकची नेऊन दिली. मामी खूश, पडली तरी फुटत नाही म्हणे.