आमची वाटचाल : माशाचे तेल पेटते कुठे?

वरूड-मोर्शी पट्ट्यात संत्र्यावर कोळशी (पाने-फळे काळवंडवणारा रोग) आली की बागायतदार माशाचे तेल आणि राळ यांचा साबण मागतात. लिटरभर पाण्याला २५ ग्रॅम. आमचा छोटा कारखाना हाच साबण करतो. तेल तारलीचे, किनाऱ्यावरून ड्रमने येते. सुरुवातीला आम्ही वास आणि रंग पाहून माल उतरवून घ्यायचो. आता तपासल्याशिवाय एकही ड्रम भट्टीजवळ जात नाही.

आधी पाणी. ते बुडाशी बसते, म्हणून नमुना बुडातून काढायचा. तापल्या तव्यावर दोन थेंब तडतडले की तेलात पाणी आहे. असे तेल कढईत १०० अंशांपुढे गेले की खालच्या पाण्याची एकदम वाफ होते आणि तेल उसळून थेट जाळावर पडते.

मग फ्लॅश पॉइंट, म्हणजे तेलाच्या वाफेला ज्योत दाखवताच क्षणभर जाळ येतो ते तापमान. क्लीव्हलँड नावाच्या ठरलेल्या मापाच्या उघड्या कपात खुणेपर्यंत, सुमारे ७० मिली तेल घ्यायचे. थर्मामीटरचा फुगा तळापासून ६ मिमी वर. सुरुवातीला मिनिटाला १४ ते १७ अंश चढू द्यायचे, अपेक्षित फ्लॅश पॉइंटआधीच्या शेवटच्या २८ अंशांत ५ ते ६ अंशच. दर २ अंशांनी बारीक ज्योत कपावरून एकदा फिरवायची. तेलावर झपकन जाळ येऊन विझला तो फ्लॅश पॉइंट, ५ सेकंद टिकला तो फायर पॉइंट. पंखा बंदच हवा. वाऱ्याने वाफ उडाली की आकडा खोटा वर जातो. एकदा तापवलेला नमुना पुन्हा वापरायचा नाही, त्यातले हलके घटक गेलेले असतात. आमच्याकडे हवेचा दाब ९६-९७ किलोपास्कलच्या आसपास असतो. १०१.३ या प्रमाण दाबाला जितका कमी पडेल त्याला ०.२५ ने गुणून तेवढे अंश आकड्यात मिळवायचे. चांगल्या तेलाचा आकडा २०० च्या बराच वर येतो. एकदम घसरला तर रॉकेल-डिझेलची भेसळ; थोडा घसरला आणि धूरही लवकर सुटला, तर मुक्त फॅटी अ‍ॅसिड (तेल विघटून सुटलेले आम्ल) वाढलेले.

फक्त या आकड्यावर विसंबणे ही आमची मोठी चूक होती; ज्योत न लागताही तेल पेटू शकते. जवसाच्या तेलाचे बोळे आपोआप पेटतात हे जुने रंगारी जाणतात. माशाचे तेल त्याच जातीचे. त्यातल्या काही फॅटी अ‍ॅसिडांत पाच-सहा दुहेरी बंध असतात, ते हवेतला ऑक्सिजन ओढतात आणि तापतात. ड्रममध्ये ही उष्णता पसरून जाते. कापसाच्या बोळ्यात तेलाचा पातळ थर असतो, हवा खेळती असते आणि ऊब बाहेर पडत नाही. आपल्याकडे हात पुसायला कापूसच हाताशी असतो, त्यात पत्र्याच्या शेडमधला मे महिना.

यासाठी मॅकीची चाचणी आहे, मूळची लोकरीच्या गिरण्यांतल्या तेलांसाठी. ७ ग्रॅम स्वच्छ कापसाला १४ ग्रॅम तेल हाताने पिंजून सारखे लावायचे, जाळीच्या नळीत भरायचे, मधोमध थर्मामीटर. नळी उकळत्या पाण्याच्या दुहेरी भांड्यात ठेवून वर झाकण, हवेला वाट ठेवून. तासाभरात पारा १०० च्या वर गेला तर तेल धोक्याचे. तो झपाट्याने चढू लागला की १५० च्या आतच नळी बाहेर काढून पाण्यात बुडवायची. तेल ओल्या गाठींत राहिले तर आकडा फसवा येतो, म्हणून पिंजण्यात घाई नको.

तेलकट चिंध्या आणि बोळे आता पाणी भरलेल्या, झाकणाच्या लोखंडी डब्यात जातात. तो डबा पाळी सुटताना शेडबाहेर नेतात. सरकीची पोती आणि रिकामे बारदान त्याच्यापासून लांब.