वाचनालयाची देवघेव एआयकडून लिहून घेताना

‘पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारं वेब ॲप बनव’ एवढंच सांगितलं, तर एआय सहायक काही मिनिटांत चालणारं ॲप देतो, आणि त्यात पुस्तकांचा एकच तक्ता असतो. पहिली गडबड तिथेच होते. वाचनालयात एका शीर्षकाच्या चार प्रती असू शकतात, प्रत्येकीला स्वतंत्र दाखल क्रमांक असतो आणि सभासद घरी नेतो ती प्रत. म्हणून कोड मागण्याआधी दाखल नोंदवही समोर ठेवून मी चार तक्ते आखले: शीर्षक, प्रत, सभासद, देवघेव. देवघेवीत नेल्याची, देय आणि परतीची अशा तीन तारखा. परतीची तारीख रिकामी म्हणजे पुस्तक बाहेर. ही आखणी टाइप करून प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि प्रत्येक नव्या संभाषणाच्या सुरुवातीला सहायकाला वाचायला लावली. नाहीतर दोन दिवसांनी त्याच रकान्याला तो दुसरंच नाव देऊन मोकळा होतो.

पायथॉन ही भाषा, वेब ॲप बनवायला फ्लास्क आणि सगळे तक्ते एका साध्या फाइलमध्ये ठेवणारा एसक्यूलाइट हा डेटाबेस, एवढ्यावर काम भागलं. देवघेवीच्या दोन टेबलांवरून दिवसाला शे-दीडशे नोंदी होणाऱ्या ठिकाणी वेगळा डेटाबेस सर्व्हर म्हणजे उगाच खर्च.

एसक्यूलाइटमध्ये तक्त्यांमधली नाती (देवघेवीतला सभासद सभासदांच्या तक्त्यात आहे ना, अशी) तपासण्याची सोय मुळात बंद असते आणि ॲप डेटाबेसला जोडलं जाईल त्या प्रत्येक वेळी ‘प्राग्मा फॉरेन-कीज’ ही आज्ञा देऊन ती चालू करावी लागते. सहायकाने तक्ते लिहिताना नाती नीट लिहिली होती, ही एक ओळ मात्र नव्हती. परिणाम असा, की अस्तित्वात नसलेल्या सभासदाच्या नावे पुस्तक बिनबोभाट जात होतं. दुसरी उणीव: ‘प्रत आधीच बाहेर आहे का’ ही तपासणी त्याने फक्त कोडमध्ये ठेवली होती. दोन्ही टेबलांवरून एकाच क्षणी बटण दाबलं, तर दोन्ही नोंदी होतात. प्रतीच्या रकान्यावर ‘परतीची तारीख रिकामी असेल तिथे’ अशी अट घातलेला युनिक इंडेक्स (तेच मूल्य दुसऱ्यांदा येऊ न देणारी सूची) बनवला, की दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो. असे नियम तक्त्यातच असलेले बरे, कारण पुढच्या फेरीत सहायक कोड पुन्हा लिहितो तेव्हा तपासणी गळून पडू शकते.

रकाना वाढवायचा असला, की डेटाबेसची जुनी फाइल पुसून नवी बनवणं हा सहायकाचा आवडता उपाय. म्हणून खऱ्या नोंदींची फाइल प्रकल्पाच्या फोल्डरबाहेर ठेवली. त्याच्या हाती फक्त खोटी नावं आणि खोटे फोन नंबर भरलेली फाइल. प्रत्येक बदल क्रमांक घातलेल्या वेगळ्या एसक्यूएल (डेटाबेसला द्यायच्या आज्ञांची भाषा) फाइलमध्ये. बॅकअपसाठी चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नये. ‘वॉल’ नावाच्या लेखनपद्धतीत ताज्या नोंदी शेजारच्या फाइलमध्ये असतात आणि त्या मागे राहतात. त्याऐवजी पूर्ण डेटाबेस नव्या फाइलमध्ये उतरवणारी ‘व्हॅक्यूम इन्टू’ ही आज्ञा वापरावी.

खरा वेळ खाल्ला तो मराठी शोधाने. एसक्यूलाइटमधला मजकूर शोधणारा भाग, एफटीएस-५, त्याच्या नेहमीच्या मांडणीत काना-मात्रा-वेलांट्यांना अक्षर मानत नाही, तिथे शब्द तोडतो. ‘मोर’चे तुकडे म आणि र, ‘मीरा’चेही तेच. त्यामुळे मोर शोधला, की मीरा हजर! इंग्रजी शीर्षकांवर सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होत्या, म्हणून सहायकाला यात काही वावगं दिसत नव्हतं. टोकनायझरच्या (मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागाच्या) ‘कॅटेगरीज’मध्ये एमएन आणि एमसी हे काना-मात्रांसारख्या चिन्हांचे दोन वर्ग जोडले, की शब्द अखंड राहतात. टोकनायझर नंतर बदलता येत नाही, शोधतक्ता काढून टाकून पुन्हा भरावा लागतो. तेव्हा हे आधीच करावं.

दुसरा गुंता एकाच शब्दाच्या दोन लेखनांचा. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य कुठल्या कीबोर्डावर ऱ वापरून येतो, तर कुठे र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा. ‘ॲ’ एका चिन्हाचा किंवा अ आणि चंद्र मिळून दोन चिन्हांचा. डोळ्यांना सारखे, संगणकाला वेगळे. आणि सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडचं, एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एक करणारं एनएफसी रूपांतरही या दोन्ही जोड्या एक करत नाही. त्या बदलणारं छोटं फंक्शन सहायकाकडून लिहून घेतलं, पण कुठलं चिन्ह कशाने बदलायचं ते कोड पॉइंटसकट (चिन्हाच्या युनिकोड क्रमांकासकट) आपण सांगायचं. मूळ शीर्षक जसंच्या तसं ठेवून बदललेलं रूप वेगळ्या ‘शोधरूप’ रकान्यात, आणि शोधणाऱ्याने टाइप केलेल्या शब्दावरही तेच फंक्शन.

आकड्यांचंही तसंच. ‘२१४’ हा सभासद क्रमांक पायथॉन बरोबर वाचतो, जावास्क्रिप्टला तो आकडाच वाटत नाही आणि एसक्यूलाइटला आकड्यात बदलायला सांगितलं, तर ते त्याचा शून्य करतं. सर्व्हरवर नोंद येताक्षणी अंक एकाच लिपीत आणले.

राहिली विभक्ती. ‘पाणी’ टाइप केल्यावर ‘पाण्याचे’ सापडावं, म्हणून शब्दाच्या शेवटची मात्रा काढून उरलेल्याने सुरू होणारे शब्द शोधतो: पाणी, पाण्याचे, पाणवठा. नेमका जुळणारा शब्द सर्वात वर. मात्रा काढल्यावर एकच अक्षर उरत असेल, तर काढत नाही, नाहीतर ‘गा’साठी गने सुरू होणारी अर्धी कपाटं येतात. ‘माणूस’ आणि ‘माणसं’ या युक्तीने जुळत नाहीत. अशा शब्दांच्या जोड्यांचा छोटा तक्ता हाताने भरला, आणि ग्रंथपालांना नवी जोडी सापडली, की त्याच त्यात घालतात.