डोहाच्या तळापर्यंत माशी पोचवायची कशी?

हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या डोहांत ब्राउन ट्राउट हा मासा सहसा तळाशी, खडकाच्या आडोशाला बसतो. तिथे पाणी संथ, आणि खाणं आयतं वाहत येतं. माशी, म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेलं किड्यासारखं खोटं आमिष, त्याच्या डोक्यावरून मीटरभर वर गेली, तर तो उठायची तसदी घेत नाही.

मग लोक आणखी जड माशी लावतात. पण दोष बहुतेक वेळा दोरीचा असतो. वरची धार वेगात, खालचं पाणी संथ. जाड दोरीला वरची धार ओढते आणि तिच्यासोबत माशीही वर उचलली जाते. म्हणून 9 फुटी, 5 नंबरच्या रॉडवर दोरीच्या टोकाशी 5एक्स जाडीचा (0.15 मिमी) फ्लुरोकार्बन टिपेट, म्हणजे माशी बांधायचा शेवटचा बारीक धागा, लावावा. बारीक असल्यामुळे तो पाणी कापत खाली जातो. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची, नाहीतर घर्षणाने तापते आणि मासा लागला की नेमकी तिथेच तुटते.

निंफ (पाण्याखालच्या अळीसारखी, बुडणारी माशी) 12 किंवा 14 नंबरच्या गळावरची, टंगस्टनच्या मण्याची. त्याच मापाच्या पितळी मण्याच्या दुपटीहून जास्त वजन त्यात असतं. इंडिकेटर (दोरीवरचा छोटा तरंगता खुणेचा गोळा) ते माशी हे अंतर खोलीच्या दीडपट: दोन मीटरच्या डोहाला तीन मीटर.

खळाळ डोहात उतरतो तिथून दोन-तीन मीटर वर माशी टाकावी, म्हणजे डोहात शिरेपर्यंत ती बुडालेली असते. दोरी पाण्यावर पडताच रॉडच्या टोकाने तिचं पोट, म्हणजे मधला झोळ, उचलून धारेच्या वरच्या अंगाला टाकायचं. याला उशीर झाला की सगळं मुसळ केरात.

आता इंडिकेटरशेजारचा फेस बघा. दोघं एकाच वेगाने चालले असतील तर माशी अजून अधांतरी आहे. इंडिकेटर फेसाच्या मागे पडू लागला की ती तळाच्या संथ पाण्यात पोचली. चार-पाच खेपांत एकदाही तळाला घासली नाही तर वजन वाढवा. दर खेपेला अडकत असेल तर कमी करा.

आपल्याकडे गांडूळ लावून बसणाऱ्यांना बूच बुडायची वाट पाहायची सवय असते. इथे ती नडते. इंडिकेटर क्षणभर नुसता थबकला तरी रॉड वीतभर उचलायचा. ट्राउटला खोटं कळलं की तो लगेच थुंकतो.

कडेच्या भोवऱ्यात पाणी उलटं फिरतं, त्यामुळे तिथला मासा नदीच्या खालच्या बाजूला तोंड करून असतो. एरवी खालून गुपचूप जाणं बरोबर, पण इथे तुम्ही थेट त्याच्या नजरेसमोर येता. अशा जागी वरच्या बाजूने, वाकूनच जावं.

परवाना मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अंडी घालण्याच्या काळात, मासेमारी बंद.