१२ व्होल्टवरून ५ व्होल्ट, ३ अँपिअर: बक कन्व्हर्टरचा बोर्ड, आवृत्ती २

बक कन्व्हर्टर म्हणजे प्रवाह वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज खाली आणणारं सर्किट. मूळ सर्किट तेच आहे: टीपीएस५४३३१ ही कन्व्हर्टर चिप, ६.८ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर, दोन थरांचा १.६ मिमी बोर्ड. या आवृत्तीत प्रामुख्याने मांडणी बदलली, आणि तीही मुख्यतः तीन भागांची: इनपुटचा सिरॅमिक कॅपॅसिटर, चिप आणि शॉट्की डायोड.

इंडक्टरमधला प्रवाह तसा शांत असतो. ५७० किलोहर्ट्झला त्याचा चढउतार साधारण ०.७५ अँपिअर भरतो. खरी झोंबाझोंबी कॅपॅसिटर, चिप आणि डायोडच्या वळशात चालते. तिथे पूर्ण ३ अँपिअर काही नॅनोसेकंदांत चालू-बंद होतात. अरुंद ट्रेसच्या (बोर्डवरच्या तांब्याच्या पट्टीच्या) दर मिलिमीटरला ढोबळमानाने १ नॅनोहेन्री प्रेरकत्व धरा. प्रवाह १० नॅनोसेकंदांत बदलला, तर १० मिमी जादा ट्रेस म्हणजे ३ व्होल्टचा टोला. म्हणून आधी हे तीन भाग बसवले, इंडक्टर नंतर.

या चिपमध्ये इनपुटचा पाय २ डावीकडे आणि स्विचिंगचा पाय ८ उजवीकडे येतो. कॅपॅसिटर डाव्या अंगाला, डायोड उजव्या अंगाला आणि दोघांची ग्राउंडची टोकं चिपच्या वरच्या कडेला समोरासमोर, वरच्याच थरात रुंद तांब्याने जोडलेली. इथे व्हायांच्या (दोन थर जोडणाऱ्या छिद्रांच्या) भरवशावर राहू नका. खालचा प्लेन, म्हणजे ग्राउंडचा सलग तांब्याचा थर, दीड मिलिमीटर दूर आहे. पाय १ आणि ८ मधला ०.१ मायक्रोफॅरडचा बूट कॅपॅसिटर (चिपमधला स्विच चालवायला लागणारा) नेमका या वाटेत आडवा येतो, म्हणून त्याची ट्रेस खालून नेली. प्लेनला छोटी चीर पडते, पण वरची वाट रुंद राहते. माझ्या मते हा सौदा परवडतो.

डायोडचा पेच मात्र कायमचा आहे. त्यातून सरासरी १.७५ अँपिअर जातात, ०.५ व्होल्टने जवळपास ०.९ वॉट उष्णता. ती काढायला कॅथोडला भरपूर तांबं हवं, पण कॅथोड म्हणजेच स्विच नोड (पाय ८, डायोड आणि इंडक्टर जिथे जुळतात तो बिंदू), आणि तो पसरला की गोंगाट पसरतो. स्विच नोड इंडक्टरच्या पॅडपर्यंत रुंद आणि आखूड ठेवला, उरलेली उष्णता अॅनोडच्या ग्राउंडमधून व्हायांवाटे खाली उतरवली. कीकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये या पॅडांना थर्मल रिलीफ (पॅड आणि तांब्यामधली बारीक काड्यांची जोडणी) ठेवू नका, सलग जोडणी घ्या. हाताने सोल्डर करताना बोर्ड खालून तापवावा लागेल.

आउटपुटचं व्होल्टेज ठरवणारा फीडबॅकचा दुभाजक, म्हणजे दोन रोधक (५२.३ आणि १० किलोओहम, ४.९८ व्होल्ट), पाय ५ ला चिकटून. लांब ट्रेस आउटपुटच्या बाजूने काढायची, तीही आउटपुट कॅपॅसिटरच्या टोकावरूनच आणि इंडक्टरपासून दूर. दुभाजक आउटपुटजवळ ठेवला की मधला नाजूक बिंदू बोर्डभर फिरतो, आजूबाजूचा गोंगाट उचलतो आणि पल्स थरथरतात. कॉम्पेन्सेशन (फीडबॅक स्थिर ठेवणारे भाग) आणि सॉफ्ट स्टार्टचं (हळूहळू चालू करणाऱ्या कॅपॅसिटरचं) ग्राउंड पाय ७ जवळ एकत्र करा, डायोडच्या परतीच्या वाटेत नको.

इनपुटला यावेळी १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिकही आहे. नुसत्या सिरॅमिकवर लांब वायरचा अडॅप्टर चालू असताना खोचला तर व्होल्टेज दुपटीजवळ, म्हणजे २४ व्होल्टपर्यंत उसळू शकतं. इलेक्ट्रोलिटिकचा अंतर्गत रोध ती उसळी जिरवतो. सिरॅमिक तरीही ५० व्होल्टचेच घ्या, म्हणजे १२ व्होल्ट लागल्यावर त्यांची धारिताही कमी घटते.

डायोडशेजारी स्नबरसाठी (रिंगिंग, म्हणजे स्विचिंगनंतरची थरथर, जिरवणाऱ्या रोधक-कॅपॅसिटरच्या जोडीसाठी) ०६०३ आकाराच्या भागांचे दोन पॅड रिकामे ठेवलेत. रिंगिंग दिसलं तर आधी स्विच नोड ते ग्राउंड नुसता कॅपॅसिटर लावून वारंवारता निम्मी होईपर्यंत वाढवायचा. त्याचा एक तृतीयांश म्हणजे परजीवी (भागांत आपोआप असलेली) धारिता; तिच्यावरून आणि मूळ वारंवारतेवरून प्रेरकत्व निघतं, आणि प्रेरकत्व भागिले धारिता, याचं वर्गमूळ हा स्नबरचा रोधक. स्नबरचा कॅपॅसिटर ४७० पिकोफॅरडचा लागला तर नुकसान फक्त ४० मिलिवॉटच्या आसपास.

ऑसिलोस्कोपने मोजताना प्रोबची मगरक्लिप काढून टोकाला ग्राउंड स्प्रिंग लावा. क्लिपच्या वायरचा वळसा स्वतःच रिंगिंग दाखवतो, आणि मग बोर्डात नसलेला दोष शोधत बसावं लागतं.